रिकाम्या रकान्याचा निर्णय : दृश्य आज्ञावलीतील गृहीत मूल्ये

अर्ज करणाऱ्याने एखादा रकाना रिकामा सोडला, तर त्या ठिकाणी काय धरावे, हा प्रश्न आपल्या कार्यालयांना नवा नाही. कधी अर्ज परत जातो, कधी नियमात सांगितलेली गोष्ट धरली जाते, तर कधी समोरचा लेखनिक आपल्या समजुतीने रकाना भरून टाकतो. हे तीनही मार्ग दिसायला साधे आहेत. परंतु त्यांचे परिणाम फार वेगवेगळे होतात. संगणकाची आज्ञावली रचणाऱ्यापुढे हाच प्रश्न पावलोपावली उभा राहतो. वापरणाऱ्याने एखादी माहिती दिलीच नाही तर संगणकाने काय समजून चालावे? या प्रश्नाच्या उत्तराला 'गृहीत मूल्य' म्हणतात. संगणकाच्या व्यवहारात त्यालाच 'डीफॉल्ट' हा शब्द रूढ आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाशी निगडित उपक्रमांचा समावेश सुचविण्यात आला आहे. त्यामुळे हा विषय आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो शिक्षकांचाही झाला आहे. दुसरीकडे, ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत अनेक कामे संगणकावरील नमुन्यांतून होऊ लागल्याने अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनाही गृहीत मूल्यांशी रोजचा संबंध येतो. म्हणून या विषयाची ओळख प्रस्तुत लेखात करून दिली आहे.

दृश्य आज्ञावली म्हणजे काय?

नेहमीची आज्ञावली ही अक्षरांत लिहिली जाते. दृश्य आज्ञावलीत मात्र पडद्यावरील रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून किंवा चौकटींमध्ये तारा ओढून काम साधले जाते. मुलांसाठी प्रसिद्ध असलेली 'स्क्रॅच' ही पद्धती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये प्रा. मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केली व ती २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. अभियंते व प्रयोगशाळा यांच्यासाठी असलेली 'लॅबव्ह्यू' ही पद्धती त्याहून जुनी. ती १९८६ मध्ये बाजारात आली. तिच्यात ठोकळ्यांऐवजी तारांची जोडणी असते.

प्रत्येक ठोकळा हा एक छोटा कामगार आहे असे समजावे. त्याला काम करण्यासाठी जी माहिती पुरवावी लागते, तिला 'आदान' म्हणतात. काही आदाने आवश्यक असतात. त्यांच्याशिवाय काम होऊच शकत नाही. काही ऐच्छिक असतात. ती दिली तर उत्तम, न दिली तरी काम अडत नाही. जे आदान ऐच्छिक ठेवले, त्यासाठी गृहीत मूल्य ठरवावेच लागते. अमुक आदान ऐच्छिक असावे, असे म्हणताच रचनाकाराने न देणाऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याची जबाबदारी पत्करलेली असते. ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

स्क्रॅचमधील दहा पावले

स्क्रॅच उघडताच डाव्या बाजूस जो पहिला ठोकळा दिसतो, तो मांजराला पुढे चालविणारा आहे. त्याच्या पांढऱ्या खाचेत १० हा आकडा आधीच लिहिलेला असतो. मुलाने काहीही न भरता ठोकळ्यावर टिचकी मारली की मांजर दहा पावले सरकते. पडदा ४८० पावले रुंद आहे. त्या मानाने दहा पावले ही चाल डोळ्यांना दिसते. परंतु मांजर पडद्याबाहेर जात नाही. येथे शून्य लिहिले असते तर काहीच हलले नसते आणि ठोकळा बिघडला आहे असे मुलाला वाटले असते. हजार लिहिले असते तर मांजर एकदम कडेला जाऊन थडकले असते. वळण्याच्या ठोकळ्यात १५ अंश दिलेले असतात. चोवीस वेळा वळले की पूर्ण फेरी होते. थांबण्याच्या ठोकळ्यात १ सेकंद असतो. हे आकडे लहान आहेत, निरुपद्रवी आहेत, आणि ठोकळा काय करतो हे तत्काळ दाखवितात.

याच पद्धतीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांच्या ठोकळ्यांकडे पाहावे. त्यांच्या खाचा रिकाम्या आहेत. दोन संख्यांची बेरीज करावयाची तर त्या संख्या कोणत्या, याचा अंदाज रचनाकाराने बांधण्यात अर्थ नाही. चालीला दहा पावले सुचविता येतात. बेरजेला काहीच सुचविता येत नाही. कोठे गृहीत मूल्य द्यावे आणि कोठे देऊ नये, याचा पहिला धडा या दोन ठोकळ्यांतच आहे.

स्क्रॅचमध्ये विद्यार्थ्याला स्वतःचा ठोकळाही तयार करता येतो. मात्र अशा ठोकळ्याच्या संख्येच्या किंवा मजकुराच्या खाचेस गृहीत मूल्य नेमून देण्याची सोय त्यात नाही. खाच रिकामीच राहते. येथे एक बारकावा आहे. रिकामी खाच गणितात वापरली गेली की स्क्रॅच तिला शून्य समजते. परंतु 'बरोबर आहे का' अशी तुलना केली असता रिकामे आणि शून्य यांना ते वेगळे मानते. म्हणजे 'माहिती दिली नाही' आणि 'माहिती शून्य आहे' यांतील भेद यंत्राला कळू शकतो, पण तो विचारला तरच. गावात या महिन्यात साथीचा एकही रुग्ण नाही, असे कळविणे आणि अहवालच न पाठविणे, या दोन गोष्टी आरोग्य खाते एक मानत नाही. विद्यार्थ्यानेही त्या एक मानू नयेत.

'स्नॅप' आणि 'लॅबव्ह्यू' यांतील सोयी

स्क्रॅचच्याच धर्तीवर, पण थोड्या वरच्या वर्गांसाठी, 'स्नॅप' ही पद्धती आहे. तिची बांधणी जेन्स मोनिग व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ब्रायन हार्वी यांनी केली. तिच्यात स्वतःच्या ठोकळ्याच्या आदानावर टिचकी मारून त्याची विस्तृत चौकट उघडली की त्या आदानाचा प्रकार ठरविता येतो आणि 'डीफॉल्ट व्हॅल्यू' या जागी गृहीत मूल्य लिहिता येते. ठोकळ्याच्या व्याख्येत मग त्या आदानाच्या नावापुढे बरोबरचे चिन्ह व ते मूल्य दिसू लागते. वापरणाऱ्यापुढे ठोकळा येतो तो आकडा भरलेल्या स्थितीत. तो वाचावा, पटला तर ठेवावा, नाही तर बदलावा.

लॅबव्ह्यूची व्यवस्था अधिक शिस्तबद्ध आहे. तिच्यात प्रत्येक आदानाला तीनपैकी एक दर्जा देता येतो : आवश्यक, शिफारस केलेले व ऐच्छिक. साहाय्याच्या चौकटीत आवश्यक आदानाचे नाव ठळक अक्षरांत, शिफारस केलेल्याचे साध्या अक्षरांत आणि ऐच्छिकाचे फिकट अक्षरांत दिसते. आवश्यक आदानाला तार जोडली नसेल तर आज्ञावली चालतच नाही. चालविण्याचा बाण मोडलेला दिसतो. उरलेल्या दोन प्रकारांत तार नसेल तर गृहीत मूल्य लागू होते आणि ते मूल्य आदानाच्या नावापुढे कंसात लिहून ठेवण्याचा प्रघात आहे. 'हे पाहिजेच', 'हे द्यावे हे बरे' आणि 'हे नसले तरी चालेल' अशी ही विभागणी कोणत्याही शासकीय नमुन्याला लागू पडण्यासारखी आहे.

मात्र येथेही सावधपणा हवा. लॅबव्ह्यूमध्ये रांगेतून पुढील नोंद घेणाऱ्या घटकास किती वेळ वाट पाहावी याचे ऐच्छिक आदान असते. त्याचे गृहीत मूल्य उणे एक आहे आणि त्याचा अर्थ 'नोंद येईपर्यंत वाट पाहावी, मग कितीही वेळ लागो' असा होतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याची आज्ञावली कधी कधी एका जागी खिळून राहते. तिच्यात चूक कोणतीच नसते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेवढे तिच्यात आधीच लिहिलेले असते.

आणखी एक भेद ओळखावा. स्क्रॅचमधील १० हा आकडा खाचेत लिहिलेला असतो आणि प्रकल्पाबरोबर जतन होतो. लॅबव्ह्यूमध्ये तार न जोडलेल्या आदानाचे मूल्य मूळ घटकाकडून घेतले जाते. मूळ घटकातील गृहीत मूल्य बदलले की त्यावर विसंबलेल्या सर्व जागी ते बदलते. पहिला प्रकार छापील नमुन्यात आधीच लिहिलेल्या आकड्यासारखा आहे. दुसरा 'अन्यथा नमूद नसल्यास प्रचलित दर लागू राहील' अशा कलमासारखा. दोन्ही उपयुक्त आहेत. पण आपण कोणता वापरतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

एक उदाहरण : पाण्याच्या टाकीचे शुद्धीकरण

आता गावाच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. पाणीपुरवठ्याच्या टाकीत किती टीसीएल पावडर टाकावी याचा हिशेब करणारा ठोकळा विद्यार्थ्यांकडून तयार करवून घ्यावा. त्याला तीन आदाने लागतील : टाकीतील पाणी लिटरमध्ये, पावडरीतील उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी आणि दर लिटरला द्यावयाची क्लोरीनची मात्रा मिलिग्रॅममध्ये. सूत्र सोपे आहे. लिटरला मात्रेने गुणावे आणि टक्केवारीच्या दहापटीने भागावे. उत्तर ग्रॅममध्ये येते.

टाकीत ५०,००० लिटर पाणी, मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम आणि पावडर ३३ टक्क्यांची असेल, तर १,००,००० ला ३३० ने भागून सुमारे ३०३ ग्रॅम पावडर लागेल. ताज्या व चांगल्या पावडरीत क्लोरीन साधारणतः ३३ टक्के असते. म्हणून ३३ हेच गृहीत मूल्य ठेवावे, असे कोणासही सहज वाटेल. येथेच थांबून विचार केला पाहिजे. ही पावडर हवा, ओल व ऊन लागल्यास आपली शक्ती गमावते. गोदामात उघडी राहिलेली पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर त्याच टाकीस ३०३ नव्हे, तर ५०० ग्रॅम पावडर लागेल. ठोकळा मात्र ३३ धरून निःशंकपणे ३०३ ग्रॅम सांगेल. प्रत्यक्षात पाण्याला लिटरमागे २ ऐवजी सुमारे १.२ मिलिग्रॅमच क्लोरीन मिळेल. कागदावर शुद्धीकरण पूर्ण झालेले असेल आणि पाणी असुरक्षित राहण्याचा धोका तसाच उरेल.

तेव्हा निष्कर्ष असा की टक्केवारी हे आदान ऐच्छिक ठेवू नये. ती दिली नसेल तर ठोकळ्याने उत्तर न देता ती मागावी. लिटरचेही तसेच. ते रिकामे राहिल्यास स्क्रॅच शून्य धरून '० ग्रॅम' असे उत्तर देईल. ते चूक आहे हे पाहताक्षणी कळेल, पण अशा चुका यंत्रावर सोडू नयेत. मात्रेचे आदान ऐच्छिक ठेवता येईल. कारण ती नेहमीच्या कामात एकदा ठरवून दिलेली असते. परंतु उत्तर दाखविताना तिच्यापुढे 'गृहीत' असा शेरा आलाच पाहिजे.

स्क्रॅचमध्ये याची मांडणी पुढीलप्रमाणे करावी. 'माय ब्लॉक्स' या विभागात 'पावडर' नावाचा ठोकळा तयार करून त्यास लिटर, टक्के व मात्रा ही तीन आदाने द्यावीत. 'लागू मात्रा' व 'शेरा' अशी दोन चले करावीत. व्याख्येत प्रथम लिटर किंवा टक्के रिकामे आहेत काय, हे तुलनेच्या ठोकळ्याने पाहावे. तसे असल्यास मांजराने 'टाकीतील पाणी व पावडरीची टक्केवारी भरावी' असे म्हणावे आणि मालिका तेथेच थांबवावी. त्यानंतर मात्रा रिकामी असल्यास 'लागू मात्रा' २ करावी व 'शेरा' या चलात 'गृहीत' लिहावे; रिकामी नसल्यास दिलेला आकडा घ्यावा व शेऱ्यात 'दिलेली' लिहावे. शेवटी उत्तर, मात्रा व शेरा तिन्ही एकत्र दाखवावेत. 'लागू मात्रा' हे स्वतंत्र चल का हवे, असे विद्यार्थी विचारतील. आपल्या ठोकळ्याच्या आदानाचे मूल्य स्क्रॅचमध्ये ठोकळ्याच्या आतून बदलता येत नाही, हे त्याचे कारण.

येथील मात्रेचा आकडा पाठापुरता घेतलेला आहे, हे वर्गात स्पष्ट करावे. प्रत्यक्ष पाण्याला किती क्लोरीन लागेल हे पाण्याच्या गढूळपणावर व अशुद्धीवर अवलंबून असते आणि ते पुरेसे झाले की नाही हे नळाच्या पाण्याची ओ. टी. चाचणी करूनच ठरते. कोणतेही गृहीत मूल्य चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

एक जूनचा धडा

गृहीत मूल्याचा सर्वांत मोठा दोष कोणता? ते एकदा नोंदीत शिरले की खऱ्या माहितीसारखेच दिसू लागते. याचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकास दूर शोधावे लागत नाही. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना पूर्वी शिक्षक अंदाजाने वर्ष धरीत आणि तारीख १ जून लिहीत. जूनमध्ये शाळा सुरू होत असल्याने वय मोजण्यास ती सोयीची होती. त्या वेळी हा उपाय योग्यच होता. अन्यथा ते मूल शाळेबाहेर राहिले असते. परंतु त्या तारखेपुढे 'अंदाजे' हा शब्द राहिला नाही. दाखल्यावर ती जन्मतारीख झाली, दाखल्यावरून सेवापुस्तकात गेली. महिन्याच्या एक तारखेस जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत असल्याने ३१ मे रोजी कार्यालयांत निवृत्तीचे निरोप समारंभ एकाच वेळी पार पडत आले. त्यांतील कोणाचा जन्म खरोखर १ जूनचा आणि कोणाचा सोयीचा, हे आता कागदावरून सांगता येत नाही. कोणी काही महिने आधी निवृत्त झाला असेल, कोणी नंतर. ते त्यालाही कळणार नाही.

त्या शिक्षकांनी गृहीत मूल्य वापरले यात दोष नव्हता. ते गृहीत आहे ही खूण पुढे गेली नाही, हा दोष होता. पावडरीच्या ठोकळ्यात 'शेरा' हे चल ठेवले ते याचसाठी.

चांगल्या गृहीत मूल्याचे उदाहरणही आपल्या कायद्यात आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्जावर विहित मुदतीत निर्णय दिला नाही तर माहिती नाकारली असे मानले जाते. वरवर पाहता हे अर्जदाराच्या विरुद्ध वाटते. पण त्यामुळेच त्याला अपिलाचा मार्ग मोकळा होतो. मौनाला काहीच अर्थ दिला नसता तर अर्जदार केवळ वाट पाहत राहिला असता. उत्तराची अमर्याद वाट पाहणारा लॅबव्ह्यूचा घटक आणि मौनाला मुदतीनंतर अर्थ देणारे हे कलम यांची तुलना उद्बोधक ठरावी.

ध्यानात ठेवण्याचे नियम

वरील विवेचनावरून काही नियम हाती येतात. ते आज्ञावली रचणारा विद्यार्थी आणि नमुना तयार करणारा अधिकारी या दोघांनाही उपयोगी आहेत.

१. ज्या माहितीच्या चुकीने माणसाच्या आरोग्याचे, पैशाचे किंवा हक्काचे नुकसान होईल, ती ऐच्छिक ठेवू नये. ती मिळाली नाही तर काम थांबवावे व ती मागावी.

२. गृहीत मूल्य सर्वांत निरुपद्रवी असावे. वापरणारा चुकला तरी ते निस्तरता आले पाहिजे.

३. ते वापरणाऱ्यास दिसले पाहिजे. खाचेत, कंसात किंवा नावापुढे.

४. रिकामे, शून्य आणि गृहीत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीत त्या वेगळ्याच राहाव्यात.

५. गृहीत मूल्य कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने ठरविले ते लिहून ठेवावे आणि परिस्थिती बदलली की त्याचा फेरविचार करावा.

वर्गात हा पाठ घेण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडे संगणक असलाच पाहिजे असे नाही. शाळेतील, बँकेतील किंवा ग्रामपंचायतीतील एखादा कोरा नमुना फळ्यावर काढावा. प्रत्येक रकान्यापुढे 'आवश्यक', 'शिफारस' किंवा 'ऐच्छिक' असे विद्यार्थ्यांना लिहावयास सांगावे. जे ऐच्छिक ठरतील त्यांच्यासाठी गृहीत मूल्य सुचवावे आणि ते कोणाला गैरसोयीचे ठरेल हे विचारावे. मुलांची मते जुळणार नाहीत, आणि त्या मतभेदातूनच विषय उलगडेल. मग ठोकळ्यांकडे वळावे.

पंचायत सदस्य व अधिकारी यांनीही आपल्या संगणकावरील नमुने या दृष्टीने एकदा पाहून घ्यावेत. कोणते रकाने आधीच भरून येतात? ते कोणी भरले? रकाना न वाचता पुढे जाणारा नागरिक कशास संमती देऊन जातो? जो लिहू शकत नाही, जो घाईत आहे, ज्याला प्रश्न समजला नाही, त्याच्या बाबतीत निर्णय बहुधा गृहीत मूल्यानेच होतो. म्हणून ते ठरविताना तो माणूस आपल्यासमोर बसला आहे असे समजून ठरवावे आणि त्याच्या वतीने आपण काय धरले, ते त्याला वाचता येईल अशा जागी लिहून ठेवावे.